घर घेण्यापूर्वी इन्स्पेक्टरला काय विचारावे : न्यू जर्सीत नव्याने स्थिरावणाऱ्यांसाठी

एडिसन, इझेलिन, पिस्कॅटवे या भागांत दर वसंत ऋतूत घरे पाहत फिरणाऱ्यांमध्ये आपली मराठी मंडळी पुष्कळ असतात. मी याच परिसरात परवानाधारक होम इन्स्पेक्टर, म्हणजे खरेदीपूर्वी घराची अवस्था तपासून देणारा, म्हणून काम करतो. पहिलेच घर घेणाऱ्यांचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहितो आहे. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेताना आपण टायटल, कार्पेट एरिया, बिल्डरची पत आणि सोसायटीची थकबाकी डोळ्यांत तेल घालून तपासतो. इमारतीच्या सांगाड्याची काळजी मात्र सोसायटीवर सोडून देतो. येथे स्वतंत्र घर घेतले की छपराच्या कौलवजा शिंगल्सपासून रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपर्यंत जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपापर्यंत सगळे तुमचे असते आणि घराचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडाचा असतो. त्यामुळे काँक्रीटच्या घरात वाढलेल्या नजरेला येथील दोष सहजासहजी दिसत नाहीत.

सर्वांत अधिक वेळा येणारा प्रश्न म्हणजे, ‘घर पास झाले का?’ इन्स्पेक्शनमध्ये पास किंवा नापास असे काही नसते. आम्ही जे उघड्या डोळ्यांना दिसते आणि जे नेहमीच्या बटणांनी चालवता येते तेवढेच तपासतो. भिंत फोडत नाही, गालिचा उचकटत नाही, मालकाचे जड सामान हलवत नाही. दोन ते चार तासांत घराची त्या दिवशीची अवस्था लिहून देणे हे आमचे काम आहे. अहवालात साठ-सत्तर नोंदी आल्या म्हणून घाबरून जाऊ नये आणि पंधराच आल्या म्हणून निर्धास्तही होऊ नये. यांपैकी जिवाला धोका असणाऱ्या नोंदी कोणत्या, मोठ्या खर्चाच्या कोणत्या आणि घर वापरताना सवडीने करता येतील अशा कोणत्या, हे तीन कप्पे आपल्यासमोर करून देण्याचा आग्रह इन्स्पेक्टरकडे धरावा. त्याला जोडून, येत्या पाच वर्षांत काय बदलावे लागेल हेही विचारावे. साध्या डांबरी शिंगल्सचे छप्पर वीस-पंचवीस वर्षे, घर तापवणारी गॅसची भट्टी पंधरा-वीस वर्षे आणि पाणी तापवण्याची टाकी आठ-बारा वर्षे चालते असा सर्वसाधारण अंदाज असतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी वयाच्या शेवटाला आलेल्या असतील, तर डाउन पेमेंटमध्ये सगळी शिल्लक ओतण्यापूर्वी दहादा विचार करावा.

वेळेचे गणित आधीच समजून घ्या. रिअल्टरने (घराच्या एजंटने) तयार केलेल्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावर न्यू जर्सीत कामकाजाचे तीन दिवस अटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलांनी करार तपासण्याचे असतात आणि इन्स्पेक्शनची मुदत साधारणपणे त्यानंतर सुरू होते. करारात ती बहुधा दहा ते चौदा दिवसांची असते. तपासणी, खास चाचण्या, अहवाल आणि वकिलामार्फत विक्रेत्याला जाणारे मागण्यांचे पत्र हे सगळे त्या मुदतीतच उरकावे लागते. म्हणून ऑफर मान्य होण्याच्या आधीच इन्स्पेक्टर निवडून ठेवावा, आणि तपासणीच्या दिवशी रजा घेऊन स्वतः हजर राहावे. नंतर पीडीएफ वाचून जे उमगत नाही, ते जागेवर बोट ठेवून दाखवले की दोन मिनिटांत कळते.

आता मुद्दा पाण्याचा, आणि माझ्या मते न्यू जर्सीत घर घेताना याहून मोठा मुद्दा नाही. ‘बेसमेंटमध्ये पाणी येते का?’ असे विचारले की विक्रेता सहसा नाही म्हणतो. म्हणून भिंतींनाच विचारावे लागते. ब्लॉकच्या भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर पांढऱ्या, हाताला भुरभुरीत लागणाऱ्या क्षारांची आडवी रेघ दिसली, तर पाणी तेथवर ओल धरून वारंवार सुकले आहे असे समजावे. भट्टीच्या पायांना गंज, जिन्याच्या खालच्या पायरीच्या लाकडावर काळसर डाग, विटांवर उभे करून ठेवलेले खोके, आणि फक्त खालच्या दोन फुटांचाच नवा रंग, या सगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतात. कोपऱ्यात सम्प पंपाचा (साचलेले पाणी बाहेर उपसणाऱ्या पंपाचा) खड्डा असेल, तर मी त्यात बादलीभर पाणी ओततो. तरंगता गोळा वर येऊन पंप सुरू होतो का, पाणी घरापासून पुरेसे लांब जाऊन पडते का आणि वीज गेली तर पंप चालवायला बॅटरी आहे का, या तिन्ही गोष्टी पाहतो. वादळात वीज जाते आणि नेमकी त्याच रात्री पंपाची गरज असते, त्यामुळे बॅटरी नसणे ही मी किरकोळ बाब मानत नाही.

बेसमेंटमधील ओलीचे कारण मात्र अनेकदा बाहेर असते. घराभोवतीची जमीन पहिल्या दहा फुटांत किमान सहा इंच उतरती असावी आणि छपराचे पाणी खाली आणणारे नळ पायाला लागून न सोडता पाच-सहा फूट दूर न्यावेत, हा साधा नियम जुन्या घरांत सर्रास मोडलेला आढळतो. तो दुरुस्त करणे स्वस्त असते, परंतु बेसमेंटच्या आतून पूर्ण निचरा व्यवस्था बसवायची झाली तर खिशाला चांगलीच कात्री लागते. म्हणूनच कारण शोधल्याशिवाय केलेल्या वॉटरप्रूफ रंगाच्या मलमपट्टीवर विश्वास ठेवू नये. पुराचा प्रश्न वेगळा आहे. सप्टेंबर 2021 मध्ये इडा वादळाने मॅनव्हिलसारख्या गावांत जे झाले ते येथे कोणी विसरलेले नाही. मार्च 2024 पासून विक्रेत्याने पुराच्या धोक्याची आणि आधीच्या पुराची माहिती लेखी देणे राज्याच्या कायद्याने आवश्यक झाले आहे. ते उत्तर नीट वाचावे. नेहमीच्या गृहविम्यात पुराचे नुकसान भरून मिळत नाही आणि सांडपाणी उलटे आत आले तर बहुधा त्यासाठीही वेगळे कलम घ्यावे लागते.

भेगा पाहून लोक फार घाबरतात. काँक्रीटच्या पायातील केसासारखी उभी भेग बहुतेक वेळा काँक्रीट सुकताना पडलेली असते आणि तिच्यातून पाणी येत नसेल तर काळजीचे कारण नसते. याउलट ब्लॉकच्या भिंतीच्या मध्यावर आडवी भेग आणि भिंत आत फुगलेली असेल, तर बाहेरची माती भिंतीला ढकलते आहे असा अर्थ होतो. अशा वेळी मी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावण्यास सांगतो आणि त्याचा खर्च वाचवू नये असे स्पष्ट लिहितो. वाळवीसाठी वेगळे प्रमाणपत्र लागते. पायाच्या भिंतीवरून लाकडाकडे चढत गेलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या आणि पायावर टेकलेल्या तुळईत स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा घुसणे, या तिच्या ठळक खुणा आहेत.

भारतातून आलेल्या कोणालाही स्वतःहून सुचत नाही असा एक प्रश्न आहे: या जमिनीत तेलाची टाकी पुरलेली आहे का? येथील बरीच जुनी घरे पूर्वी हीटिंग ऑइलवर गरम होत असत. नंतर नैसर्गिक वायू आला आणि लोखंडी टाक्या तशाच अंगणात राहिल्या. त्या गंजून गळल्या तर दूषित माती काढण्याचा खर्च हजारो, प्रसंगी लाखभर डॉलरपर्यंत जातो. घर घेतल्यावर ही जबाबदारी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते आणि अनेक विमा कंपन्या हा खर्च देत नाहीत. बाहेरच्या भिंतीलगत जमिनीतून वर आलेले दोन लोखंडी पाइप किंवा बेसमेंटच्या फरशीतून आलेली, टोके चेपलेली तांब्याची बारीक नळी दिसली तर मी ते नोंदवतो. मात्र टाकीचा शोध हा नेहमीच्या इन्स्पेक्शनचा भाग नसतो. घर सध्या गॅसवर असले तरी वेगळा टँक स्वीप, म्हणजे पुरलेल्या टाकीचा शोध, करून घ्या. विक्रेत्याने टाकी काढली असे सांगितल्यास टाउनशिपच्या (स्थानिक नगरपालिकेच्या) परमिटची प्रत मागावी आणि गळती आढळली असल्यास राज्याच्या पर्यावरण खात्याचे ‘नो फर्दर अ‍ॅक्शन’ (आणखी कारवाई बाकी नाही असे सांगणारे) पत्र वकिलाकडे आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जमिनीतून घरात झिरपणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानानंतरचे दुसरे प्रमुख कारण तो मानला जातो. 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणाऱ्या एका अभियंत्यामुळे तेथील किरणोत्साराचे इशारायंत्र वाजू लागले. तपासाअंती किरणोत्सार केंद्रातून नव्हे तर त्याच्या घरातून अंगाला लागून आल्याचे उघड झाले. तेव्हापासून घराघरांत रेडॉन मोजण्याची पद्धत रूढ झाली. अल्पकालीन चाचणीला किमान 48 तास लागतात, त्याआधी बारा तास आणि चाचणीभर खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. एक लिटर हवेत चार पिकोक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक) किंवा अधिक आकडा आला तर फरशीखालून हवा ओढून छपरावर सोडणारा पंखा बसवतात. हा उपाय खात्रीचा असल्यामुळे केवळ रेडॉनपायी आवडलेले घर सोडण्याची गरज नाही.

‘घर कोडप्रमाणे आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही देत नाही, ते टाउनशिपच्या बांधकाम अधिकाऱ्याचे काम आहे. शिवाय जुने घर त्याच्या काळच्या नियमांनी बांधलेले असते. नंतर केलेली कामे मात्र परमिट घेऊनच व्हायला हवी होती. आई-वडील सहा महिने येणार म्हणून सजवलेले बेसमेंट पाहून आपली माणसे लगेच भुलतात. तेथील खोली झोपायला वापरायची असेल, तर आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवी. तिच्या चौकटीची खालची कड खोलीच्या फरशीपासून 44 इंचांपेक्षा उंच नसावी आणि उघडल्यावर साधारण 5.7 चौरस फुटांची मोकळी जागा मिळावी. ही बाब मी कधीही सौम्य शब्दांत लिहीत नाही, कारण त्या खोलीत घरातील सर्वांत वयस्कर माणसे झोपणार असतात. सार्वजनिक नोंदींच्या ‘ओप्रा’ कायद्याखाली टाउनशिपकडे अर्ज केला की त्या पत्त्यावरील सर्व परमिट पाहायला मिळतात. बंद न झालेले (अंतिम तपासणी बाकी असलेले) परमिट क्लोजिंगपूर्वी, म्हणजे अंतिम सह्या होऊन घर नावावर होण्यापूर्वी, विक्रेत्याकडून बंद करून घ्यावे.

विजेबाबत थोडक्यात सांगतो: 1965 ते 1973 च्या सुमाराच्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आहेत का, हे विचारावे. 1978 पूर्वीच्या घरात रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून लहान मुले असतील तर त्याची चाचणी करावी. नवे कोरे घर असले तरी इन्स्पेक्शन करावेच. राज्याच्या वॉरंटीत सदोष कामासाठी एक वर्ष, यंत्रणांसाठी दोन आणि मोठ्या बांधकाम दोषांसाठी दहा वर्षे मिळतात, तेव्हा पहिले वर्ष संपण्याआधी आणखी एक तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

काही प्रश्नांना मी मुद्दाम उत्तर देत नाही. घराची किंमत योग्य आहे का हे अप्रेझर सांगेल, दार पूर्वेला हवे की नाही हे तुम्ही ऑफर देण्यापूर्वी घरात बसून ठरवावे. ‘तुम्ही असता तर घेतले असते का?’ या प्रश्नावरही मी मत देत नाही, कारण हप्ता आणि मुलांची शाळा तुमची असते, माझी नव्हे. सापडलेली दुरुस्ती मीच करून देईन असे म्हणणाऱ्या इन्स्पेक्टरपासून दूर राहावे.

स्पर्धेमुळे इन्स्पेक्शन सोडून द्या असा सल्ला मिळतो, तो मला मान्य नाही. त्याऐवजी किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही, पण पाया, छप्पर, यंत्रणा, टाकी आणि रेडॉन यांची तपासणी राहील, असे करारात लिहून देता येते आणि बरेच विक्रेते ते स्वीकारतात. मोठा दोष निघाल्यास विक्रेत्याने घाईने करून दिलेल्या कामापेक्षा क्लोजिंगच्या वेळी मिळणारी रक्कम मी बरी समजतो, कारण ठेकेदार तुमच्या पसंतीचा राहतो. रेडॉनचा पंखा बसवणे आणि टाकी काढणे मात्र क्लोजिंगआधीच व्हायला हवे. क्लोजिंगपूर्वीच्या शेवटच्या फेरीला अहवालाची प्रत सोबत न्यावी, सर्व नळ एकाच वेळी सोडून बेसमेंटमध्ये जाऊन पाहावे, रिकाम्या झालेल्या खोल्यांत फर्निचरमागच्या भिंती तपासाव्यात, आणि धूर व कार्बन मोनॉक्साइड अलार्म तसेच अग्निशामक नळकांडे असल्याचे टाउनशिपचे प्रमाणपत्र विक्रेत्याने वकिलाकडे दिले आहे याची खात्री सह्या करण्यापूर्वी करून घ्यावी.