डीप फ्रीझर: घेताना काय पाहावं, भरताना काय करावं

जानेवारीत मटार स्वस्त झाला की दहा किलो शेंगा आणून सोलायच्या, सगळे दाणे एकदम फ्रीझरमध्ये टाकायचे आणि मे महिन्यात ते चिवट, पिवळट निघाले की फ्रीझरला बोल लावायचा, हे बऱ्याच घरांत होतं. खरं तर चूक भरण्यात झालेली असते. एकदम खूप माल टाकला की तो सावकाश गोठतो. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते पदार्थाच्या पेशी फोडतात. मग बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि पदार्थ लिबलिबीत होतो.

घेताना. चौघांच्या घराला १०० ते १५० लिटर पुरतात. वरून झाकण उघडणारा पेटीसारखा फ्रीझर घ्यावा. थंड हवा जड असते, त्यामुळे झाकण उघडलं तरी ती आतच राहते आणि वीज गेल्यावर गारवा जास्त टिकतो. काचेच्या झाकणाचा फ्रीझर दुकानासाठी ठीक. घरी भरीव झाकणाचाच घ्या. विजेचा दाब वरखाली होत असेल तर कंपनीने सांगितलेला स्टॅबिलायझर लावा. भिंतीपासून चार बोटं तरी जागा सोडा. शेगडी आणि ऊन दोन्ही लांब हवीत.

तापमान. उणे १८ अंश. नॉबवरच्या आकड्यांवर विसंबू नका, आत एक साधा फ्रीझर थर्मामीटर ठेवा.

किती भरायचं. १०० लिटरच्या फ्रीझरमध्ये चोवीस तासांत तीन ते साडेचार किलोच नवा माल टाकावा. दहा किलो शेंगांचे दाणे साधारण चार-साडेचार किलो निघतात, म्हणजे तेवढ्यानेच दिवसाची मर्यादा गाठली जाते. नवी पाकिटं आतल्या भिंतींना टेकवून, एकमेकांवर न रचता ठेवा.

मटार. कच्चे दाणे गोठवले तरी त्यातली एन्झाइम्स हळूहळू काम करत राहतात. रंग आणि चव जाते ती त्यांच्यामुळे. म्हणून:

१. चार-पाच लिटर पाणी खळखळ उकळा. एका वेळी अर्धा किलो दाणेच टाका. जास्त टाकले तर उकळी मोडते.
२. पुन्हा उकळी आल्यापासून दीड मिनिट मोजा.
३. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, तेही तितकाच वेळ.
४. निथळून सुती पंच्यावर पूर्ण कोरडे करा. ओलसर राहिले तर गोळा होतो.
५. ताटात एका थरात पसरून कडक होईपर्यंत गोठवा, मग पिशवीत भरून हवा दाबून काढा.

असे दाणे आठ-दहा महिने चांगले राहतात. लागतील तेवढे थेट उकळत्या रश्शात टाकावेत.

आमरस दूध न घालता गोठवावा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून डब्यात वर दोन सेंटिमीटर जागा ठेवा. काचेची बाटली तडकते. खवलेला नारळ एका वापरापुरत्या पाकिटांत भरा. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवावी, कारण थंडीतही तेल खवट होतं. तुकड्यांवर पांढरट, कोरडे डाग पडले तर पिशवीत हवा राहिली आहे असं समजा; खाल्लं तर अपाय नाही, चव मात्र गेली. मासळी आणि मटण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळवा, ओट्यावर नको. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात.

बर्फ काढणं. भिंतीवर अर्धा सेंटिमीटर थर झाला की प्लग काढा आणि माल वर्तमानपत्रात व जाड चादरीत गुंडाळा. आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण लावा. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नको. भिंतीतल्या नळीला भोक पडलं की गारवा देणारा गॅस निघून जातो.

वीज गेली तर. झाकण उघडू नका. गच्च भरलेल्या फ्रीझरमधला माल सुमारे ४८ तास टिकतो, अर्धा भरलेल्यातला २४. त्यामुळे रिकामी जागा पाऊण भरलेल्या पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाका. वितळलेल्या मालात अजून बर्फाचे कण दिसत असतील तर तो पुन्हा गोठवता येतो. मासळी-मटण पूर्ण वितळून कोमट झालं असेल तर टाकूनच द्या.

गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर मधे वीज बराच वेळ गेली होती आणि सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे.