एममॅपची पानं असताना फाइलसिस्टीम फ्रीझ कशी करायची, रेस न होऊ देता

लिनक्सवर स्नॅपशॉटच्या (फाइलसिस्टीमच्या त्या क्षणाच्या प्रतीच्या) आधी फाइलसिस्टीम फ्रीझ करतात, म्हणजे नवीन लिहिणं अडवायचं, मेमरीत साचलेलं डिस्कवर उतरवायचं आणि मग स्नॅपशॉट घ्यायचा. राइट कॉल करणारा प्रोग्राम दारातच अडवता येतो. पण एममॅपवाला, म्हणजे फाइल आपल्या मेमरीत जोडून घेतलेला प्रोग्राम सरळ मेमरीत लिहितो, कर्नलला पत्ता लागतो तो स्वच्छ पानावर (मेमरीचा असा तुकडा ज्यात डिस्कवर जायचा बदल नाही) पहिल्यांदा लिहिताना पेज फॉल्ट येतो, म्हणजे प्रोसेसर लिहिणं थांबवून कर्नलला बोलावतो, तेव्हाच.

गडबड तिथेच होते, दोन कामं एकाच वेळी धावतात आणि कोण आधी पोचतं त्यावर निकाल ठरतो, हीच रेस. फॉल्ट हँडलर, म्हणजे फॉल्ट हाताळणारा कर्नलचा कोड, बघतो की फ्रीझ नाहीये आणि पुढे जातो, तेवढ्यात फ्रीझ सुरू होतं, सिंकला (मेमरीतलं डिस्कवर उतरवणाऱ्या कामाला) हे पान अजून स्वच्छ दिसतं म्हणून ते सोडून देतं, आणि नंतर हँडलर तेच पान लिहायला मोकळं करतो. झालं, फाइलसिस्टीम फ्रीझ आणि पान डर्टी, म्हणजे बदललेलं पण डिस्कवर न गेलेलं! 2012 मध्ये लिनक्स 3.6 ला कर्नल डेव्हलपर जान कारा यांच्या पॅचेसनी हे नीट बसवलं.

तुम्ही स्वतः फाइलसिस्टीम लिहित असाल तर पेज_एमकेराइट मध्ये (पान लिहायला मोकळं करताना कर्नल बोलावतो ते तुमचं फंक्शन) सगळ्यात आधी एसबी_स्टार्ट_पेजफॉल्ट घ्या, म्हणजे फ्रीझला कळतं की एक फॉल्ट आत आहे. इथे राइट कॉलसाठीचं एसबी_स्टार्ट_राइट अजिबात नको, कारण राइट कॉल तो घेऊन बसलेला असताना युजरचा बफर वाचायला त्याला मेमरी मॅपचं लॉक लागू शकतं, आणि फॉल्टवाल्याकडे ते लॉक आधीच असतं, मध्ये फ्रीझ आलं की दोघं एकमेकांची वाट बघत बसणार. मग फाइलची वेळ अपडेट करा, पान लॉक करा, आणि ते अजून त्याच फाइलचं आहे ना ते बघा, मधल्या मधे कुणी फाइल छाटलेली असू शकते. आता मुख्य गोष्ट: एसबी_एंड_पेजफॉल्ट म्हणायच्या, म्हणजे फॉल्ट संपला सांगायच्या आधी, लॉक हातात असतानाच पान डर्टी करा. फ्रीझ आत असलेले फॉल्ट संपेपर्यंत थांबतं आणि मगच सिंक करतं, त्यामुळे सिंकला हे पान दिसतंच, ते डिस्कवर जाताना पुन्हा राइट-प्रोटेक्ट होतं, आणि पुढचं लिहिणं नव्या फॉल्टमध्ये अडकतं.

हे डोळ्यांनी बघायचंय? एका फाइलवर एक्स्ट4 फाइलसिस्टीम बनवून लूप माउंट करा (फाइललाच डिस्क समजून जोडा), एममॅप शेअर्ड करून दर सेकंदाला आकडा वाढवणारा छोटा प्रोग्राम त्यावर चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलवरून एफएसफ्रीझ -एफ (फ्रीझ करणारी कमांड) मारा. आकडा थांबतो, पीएस मध्ये प्रोसेस डी (न उठवता येणारी झोप) दाखवते, फ्रीझ सोडवणारं -यू दिलं की जिथे होता तिथून पुढे चालू. रूट फाइलसिस्टीमवर हे करू नका, तुमचंच टर्मिनल अडकेल.

एक लक्षात ठेवा, तुमचा रेकॉर्ड दोन पानांत विभागलेला असेल तर फ्रीझ बरोबर मध्येच येऊ शकतं, कर्नलला रेकॉर्ड म्हणजे काय ते माहीत नसतं. म्हणून आधी प्रोग्रामचं लिहिणं थांबवा, एमसिंक करा (एममॅपमधले बदल डिस्कवर उतरवणारा कॉल), मग फ्रीझ. एलव्हीएम (लिनक्सचं डिस्कचे भाग सांभाळणारं साधन) स्नॅपशॉट घेताना फ्रीझ स्वतःच करतं, तिथे वेगळं एफएसफ्रीझ लागत नाही, पण प्रोग्राम थांबवायचं काम तिथेही तुमचंच. आणि स्क्रिप्ट लिहिलीत तर ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट कशीही संपली तरी चालणारा भाग) -यू घालाच, स्नॅपशॉट फसला तरी फाइलसिस्टीम मोकळी झाली पाहिजे.