करण पोपटासाठी कृत्रिम ढोली: या चुका टाळा

धुऱ्यावरचा जुना मोह, बेहडा तुटला की त्याच्यातली ढोलीही जाते. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपट सहसा नवी ढोली कोरत नाही. असलेलं भोक चोचीनं रुंद करतो. म्हणून पेटी लावणं योग्यच. पण ती चुकीची बनली तर रिकामी राहते, नाहीतर पिल्लांची भट्टी होते.

टिनाची पेटी नकोच, पातळ प्लायचीही नको. अंडी साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये पडतात, उबायला जवळपास 4 आठवडे लागतात आणि पिल्लं पुढे दीड महिन्याहून जास्त आत असतात. उशिराची वीण थेट एप्रिल-मेच्या उन्हात सापडते, आणि अकोला-चंद्रपूरचा पारा तर 45 अंशांवर जातो. जाड खोड उन्हाला अडवतं, पातळ फळी अडवत नाही. सागाची 25 मिमी जाड फळी घ्या. वर पुढे आलेलं उतरतं छप्पर आणि छपराखाली दोन्ही बाजूंना 12 मिमीची दोन-दोन भोकं ठेवा. तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला करा. पश्चिमेला तोंड म्हणजे दुपारभर ऊन आत. पडलेल्या झाडाचा पोकळ ओंडका मिळाला तर तो पेटीपेक्षाही बरा.

आतून 30×30 सेंमी आणि खोली 60 सेंमी हवी. उथळ पेटीत अंड्यांपर्यंत मांजराचा पंजा पोचतो. दार 9 ते 10 सेंमी, छपराच्या जवळ. मोठं ठेवलं तर घोरपडीला सोपं जातं.

आतली भिंत रंधा मारून गुळगुळीत करू नका, पिल्लांना वर चढता येत नाही. दाराखाली आतून दर 3-4 सेंमीवर आडव्या पट्ट्या ठोका. जाळी लावू नका, तिच्या टोकांत बोटं अडकतात. वाळवीसाठी जळकं ऑइल फासायची आपल्याकडे सवय आहे. इथे ते अजिबात नको, पोपट लाकूड कुरतडतो आणि ते पोटात जातं.

पोपट काड्या आणत नाही. तळाशी 7-8 सेंमी लाकडाचे जाडसर तुकडे घाला. बारीक भुसा ओल धरतो. तळाला 6 मिमीची चार भोकं पाडा.

रिकामी पेटीच 15 किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एका खिळ्यावर टांगू नका. 6-8 मीटर उंचीवर रुंद पट्ट्यानं बांधा. तार खोडात रुतते. पट्टा दरवर्षी सैल करा. खोडाला खाली 60 सेंमी रुंद टिनाचा पट्टा गुंडाळला की मांजराला चढणं अवघड जातं. मात्र शेजारच्या झाडाची फांदी पेटीला लागत असेल तर त्याचा उपयोग नाही.

दिवाळीआधी पेटी झाडावर असावी. अंडी असताना उघडून पाहू नका. सातेरी मधमाशा बसल्या तर धूर करू नका, दुसरी पेटी लावा. आणि जागा गावभर सांगू नका: पिल्लं चोरणारे फिरतात, पोपट पकडणं आणि पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा असूनही. जंगलाच्या जमिनीवर लावायची असेल तर आधी वनविभागाची परवानगी घ्या. पिल्लं उडून गेली की जूनमध्ये जुने तुकडे काढून पेटी कोरडी करा, नवे दिवाळीआधी भरा.