पांढऱ्या केसांना मेंदी लावताना

चाळिशीत कानशिलाजवळ पहिली चांदी दिसली आणि आईने लोखंडी कढई माझ्या हातात दिली. पण आधी हे कळू द्या: केस पांढरा होत नाही, पांढराच उगवतो. मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी थकल्या, संपल्या की नवा केस मेलॅनिनविना वर येतो. माझ्या भाचीचं जावळ भुरकं होतं, शाळेत जाईपर्यंत काळंभोर झालं. तिच्या पेशी तेव्हा कुठे जोमात आल्या होत्या. माझ्या निवृत्त होतायत. त्यामुळे तेल चोळून पांढरा केस काळा होईल, ही आशा सोडा.

तर, 100 ग्रॅम मेंदी चहाच्या गार पाण्यात इडलीच्या पिठाइतकी सैल कालवून कढईत रात्रभर झाका. सकाळी कडेला तांबूस पाणी सुटलेलं दिसतं. केस बिनतेलाचे हवेत. खोबरेल फक्त कपाळाला आणि कानांना. मी विसरले, आणि नणंदेच्या लग्नात केशरी कपाळाने मिरवले! तीन तासांनी नुसत्या पाण्याने धुवा. पांढऱ्यावर निव्वळ मेंदी केशरीच चढते. काळपट हवं असेल तर दुसऱ्या दिवशी नीळपानांची पूड तासभर लावा (कपड्यांची नीळ नव्हे, बायांनो). ‘काळी मेंदी’च्या पुडीत पीपीडी (काळा रंग देणारं रसायन, काहींना त्याची ॲलर्जी होते) असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 48 तास वाट पाहा.

केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे भांगातली पांढरी रेघ तीन आठवड्यांत हजर. तेव्हा फक्त मुळांना लावा.