जुन्या मॅन्युअल लेन्सचा फोकस हुकतोय?

अडॅप्टरवर (जोडकडीवर) जुनी हेलिओस ४४-२ ही ५८ मिमीची मॅन्युअल लेन्स लावली की मिररलेस कॅमेऱ्याचं शटर दाबलंच जात नाही. दाबलं तर फोकस केसभर चुकतो.

१. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा.
२. कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असेल तर फोकल लेंथ ५८ मिमी भरा.
३. अपर्चर (लेन्सचं लहान-मोठं होणारं छिद्र) एफ/२ वर, म्हणजे पूर्ण उघडं ठेवून, स्क्रीनवर चित्र मोठं करून फोकस करा. नुसत्या पीकिंगच्या (फोकसमधला भाग दाखवणाऱ्या) रंगीत कडांवर विसंबू नका, पापणीचा केस न् केस दिसायला हवा. मग अपर्चर एफ/४ वर आणून फोटो काढा. या लेन्सला अपर्चरच्या दोन रिंगा आहेत: एक आधीच ४ वर लावली की दुसरी न बघता तिथवर फिरवता येते. फार सोयीचं आहे हे!

नागपूरच्या फुटाळा तलावावर सूर्यास्त टिपताना मात्र उघडी लेन्स सूर्याकडे रोखून ठेवू नका, सेन्सर जळू शकतो. मधल्या वेळात झाकण लावा.