घरच्या नॅसवर बॅकअप: वेळ कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा

घरात दोन-तीन लॅपटॉप, फोनमधले फोटो आणि कोपऱ्यात एक नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा) असला की बॅकअपची पहिली तक्रार ठरलेली असते: रात्रभर चालू ठेवलं तरी सकाळी निम्मंच झालंय. त्यात हार्ड डिस्कचा दोष क्वचितच असतो. बहुतेक घरांत मधली वायर वेग अडवते, नाहीतर काल गेलेला डेटाच आज पुन्हा पाठवला जातो. हे दोन्ही आधी सोडवा. महागडी डिस्क घ्यायचा विचार त्यानंतर.

आधी वायर बघा

गिगाबिट (१००० मेगाबिटच्या) जोडणीवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे १ टीबीला अडीच तास. तोच डेटा १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला ११ एमबीने सरकतो आणि पंचवीस तास घेतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग इथरनेट उघडा आणि लिंक स्पीड वाचा. तिथे १००० ऐवजी १०० दिसत असेल तर दोन जागा तपासा.

पहिली जागा केबल. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटचं काम चार तारांवर भागतं. त्यामुळे क्रिंपिंग करताना (केबलला टोक बसवताना) एक जोडी नीट बसली नसेल तरी नेट व्यवस्थित चालतं, कुणाला शंकाही येत नाही, फक्त वेग दहावा हिस्सा होतो. तयार कॅट ६ केबल लावून बघा. दुसरी जागा राउटर. फायबरसोबत मिळणाऱ्या बऱ्याच राउटरवर एखादाच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. राउटर बदलायची गरज नाही. पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच (वायरी एकमेकींना जोडणारा छोटा डबा) आणा, लॅपटॉप आणि नॅस दोन्ही त्याला जोडा आणि स्विचमधून एकच वायर राउटरकडे न्या. मग लॅपटॉप ते नॅस हा डेटा राउटरमधून जातच नाही.

पहिला पूर्ण बॅकअप वायरवरच करा. त्यानंतर रोजचा बदल थोडा असतो, त्याला वायफाय पुरतं. रास्पबेरी पाय ३ बी प्लस या छोट्या संगणकावर नॅस केला असेल तर मात्र त्याचा गिगाबिट पोर्ट आतून यूएसबी २ वर बसलेला आहे. तो ३०० मेगाबिटच्या वर जाणार नाही, वायर कितीही चांगली असली तरी.

काय पाठवू नये

२० जीबीच्या बारीकसारीक फाइलींना २०० जीबी व्हिडिओंपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. प्रत्येक फाइलसाठी नॅसशी वेगळी देवाणघेवाण होते: फाइल उघड, लिही, तारीख लाव, बंद कर. फाइल ४ केबीची असो की ४ जीबीची, हा खर्च तेवढाच. म्हणून ब्राउझरचा कॅशे, प्रोग्रामरांची नोड मॉड्यूल्सची फोल्डरं, फोटो सॉफ्टवेअरच्या थंबनेल्स, टेंपररी फाइली हे सगळं वगळा. यातलं सगळं पुन्हा तयार होतं.

याच्या उलट टोकाला आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे सगळ्या मेलचा एकत्र साठा. दिवसात एक मेल आली तरी १५ जीबीची ती फाइल बदलली असं धरलं जातं आणि साधं कॉपी करणारं साधन ती अख्खी पुन्हा पाठवतं. शिवाय आउटलुक चालू असताना ती कुलूपबंद असते. टॅलीच्या डेटा फोल्डरचंही जपून करा: टॅली बंद करूनच बॅकअप घ्या, नाहीतर अर्ध्या फाइली आधीच्या नोंदींच्या आणि अर्ध्या नंतरच्या असा संच हाती येतो, आणि तो उघडेलच असं नाही.

साधन कोणतं

विंडोजमध्ये रोबोकॉपी हे आज्ञा टाइप करून चालवायचं कॉपीचं साधन आयतंच असतं. (पर्याय इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना रोमन अक्षरंच लागतील.) मूळ फोल्डर, नॅसवरचं फोल्डर आणि पुढे /एमआयआर, /एमटी:१६, /आर:१, /डब्ल्यू:५, /एक्सजे, /एफएफटी. एमआयआर नॅसवरचं फोल्डर हुबेहूब मूळ फोल्डरसारखं करतं, मूळ जागी पुसलेलं तिथूनही पुसतं. यात आर (किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) विसरू नका. ते दिले नाहीत तर रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करतं. एक उघडी राहिलेली पीएसटी सगळी रात्र खाते ती अशी. एमटी एका वेळी सोळा फाइली पाठवतं, बारीक फाइलींना त्याचा खरा फायदा. एक्सजेमुळे विंडोजच्या आतल्या जोड-फोल्डरांत ते गोल गोल फिरत नाही. आणि एफएफटीमुळे दोन्हीकडच्या वेळेत दोन सेकंदांपर्यंतचा फरक माफ होतो. काही नॅस वेळ विंडोजइतकी बारीक नोंदवत नाहीत, तिथे हा पर्याय नसेल तर काहीही न बदलता सगळ्या फाइली रोज ‘नव्या’ ठरतात.

पहिल्यांदा /एल जोडून चालवा. मग ते काहीच कॉपी करत नाही, काय केलं असतं तेवढं दाखवतं. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारं विंडोजचं साधन) निकाल १ किंवा ३ दिसला तर घाबरू नका, रोबोकॉपीत ८ च्या खालचे सगळे आकडे यशाचे असतात.

मॅक आणि लिनक्सवर याच कामासाठी आरसिंक. त्याची ख्याती अशी की मोठ्या फाइलमधला बदललेला तुकडाच पाठवतं. पण नॅसचं शेअर (नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर) एसएमबीने, म्हणजे विंडोजच्या फाइल-शेअरिंग पद्धतीने जोडून त्यावर आरसिंक चालवलं तर हा फायदा मिळत नाही. तुकडे जुळवायला पलीकडेही आरसिंक चालू असावं लागतं. जोडलेलं शेअर त्याला आपलीच डिस्क वाटते आणि ते फाइल पूर्ण लिहितं. म्हणून नॅसवर एसएसएच (दुसऱ्या यंत्राशी सुरक्षित जोडणी) किंवा आरसिंक सेवा सुरू करा आणि थेट तिच्याशी बोला. दाबून पाठवायचा ‘झेड’ पर्याय घरच्या वायरवर नको, फोटो-व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, नुसता प्रोसेसर तापतो. मूळ फोल्डरच्या नावापुढची तिरपी रेघही सांभाळा: ती दिली तर आतला मजकूर जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो आणि नॅसवर दुसरी प्रत तयार होते.

पीएसटी, व्हर्च्युअल मशीन, कामाच्या फाइली यांच्यासाठी रेस्टिक हे बॅकअपचं साधन घ्या. ते फाइलींचे सरासरी १ एमबीचे तुकडे पाडतं आणि आधी साठवलेला तुकडा पुन्हा पाठवत नाही. फोल्डरचं नाव बदललं, फोटो इकडून तिकडे हलवले तरी जवळजवळ काहीच नव्याने जात नाही. सगळं कूटबद्ध असतं, त्यामुळे पासवर्ड हरवला तर बॅकअप गेला. तो कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असू द्या. फोटोंना मात्र साधी प्रतच बरी. उद्या तुम्ही घरी नसलात तरी आईला किंवा मुलीला ते फोल्डर उघडून फोटो बघता आले पाहिजेत.

मराठी नावांच्या फाइली

याबद्दल फारसं लिहिलेलं सापडत नाही, आणि आपल्याकडे अडचण नेमकी इथेच येते.

लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एक बाइटचं. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त असं सगळं तीन-तीन बाइट घेतं. ‘महाराष्ट्र’ एवढा शब्दच ३० बाइटचा होतो. म्हणजे नावात असे ८५ घटक मावतात. विंडोजमध्ये २५५ मावतात, म्हणून लॅपटॉपवर सुखाने नांदणारी फाइल नॅसवर जाताना अडते. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर जुन्या पद्धतीच्या कूटबद्ध शेअरमध्ये तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ घटक. लग्नकार्याचे व्हिडिओ आणि सरकारी पोर्टलवरून उतरवलेल्या पीडीएफ यात हमखास सापडतात. लॉगमध्ये (बॅकअपच्या नोंदींत) ‘नाव फार लांब’ अशी चूक शोधा, आणि लांब तपशील फाइलच्या नावात न कोंबता फोल्डरांत विभागा.

दुसरी अडचण ‘ऱ’ची. ‘कऱ्हाड’मधला ऱ युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर-संकेतांत) एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅक बऱ्याचदा दुसरी पद्धत वापरतो, विंडोज आणि लिनक्स जे टाइप झालं ते तसंच ठेवतात. परिणाम असा की मॅकवरून आरसिंक केलं की नॅसवर ‘कऱ्हाड २०१९’ नावाची दोन फोल्डरं दिसू लागतात, किंवा ५० जीबी फोटो दर वेळी नव्याने जातात. उपाय: आरसिंकला ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय द्या, अलीकडे ‘यूटीएफ-८-मॅक’, पलीकडे ‘यूटीएफ-८’. मॅकसोबत वर्षानुवर्षं आलेल्या २.६.९ आवृत्तीत तो नाही, होमब्रूमधून (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) ३ किंवा पुढची बसवा. आणि एकदा ठरवलेली वाट बदलू नका: तेच फोल्डर कधी एसएमबीने तर कधी एसएसएचने पाठवलं की दुहेरी नावं तयार होतात.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

एमआयआर किंवा आरसिंकचा ‘डिलीट’ पर्याय मूळ जागेसारखीच जागा करून ठेवतो, म्हणजे चुकून पुसलेला अल्बम रात्री नॅसवरूनही पुसला जातो. बाहेरची डिस्क जोडली गेली नाही आणि तिच्या जागी रिकामं फोल्डर राहिलं तर पलीकडचं सगळं साफ. आरसिंकला ‘मॅक्स-डिलीट’ देऊन आळा घालता येतो, पण खरी सोय नॅसवरच्या स्नॅपशॉटची, म्हणजे त्या-त्या क्षणी सगळ्या फाइली जशा होत्या तशा जपण्याची. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल-व्यवस्थांवर ते घेतले की फक्त बदललेल्या भागाचीच जागा लागते. रोजचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे १२ ही घरासाठी पुरेशी घडी आहे. मॅकचं स्वतःचं टाइम मशीन वापरत असाल तर त्या शेअरला कोटा (जागेची मर्यादा) लावा, नाहीतर ते मिळेल तेवढी जागा भरत जातं.

बॅकअपसाठी नॅसवर वेगळा यूजर करा, त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार देऊ नका. लॅपटॉपवर कायम जोडलेला ड्राइव्ह रॅन्समवेअरलाही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) तितकाच जवळ असतो. स्नॅपशॉट त्या यूजरच्या हाती नसतात म्हणून वाचतात. पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेशही बंदच ठेवा, विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती त्यावर आपणहून अडते. आणि राउटरवर नॅससाठी पोर्ट उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस कुलूपबंद केले होते. बाहेरून पोचायचं असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारखी सुरक्षित खासगी जोडणी वापरा.

घराबाहेरची प्रत

रेडमुळे (एकच डेटा अनेक डिस्कांवर जपण्याची पद्धत) एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. चोरी, पाणी, विजेचा झटका यांत दोन्ही डिस्का एकदम जातात. ५० मेगाबिटच्या अपलोडवर १ टीबीला जवळजवळ दोन दिवस लागतात, म्हणून पहिली प्रत घरीच यूएसबी डिस्कवर घेऊन बहिणीकडे किंवा गावी ठेवा आणि जाल तेव्हा ताजी करा. विजेसाठी यूएसबी वायरचा छोटा यूपीएस नॅसला जोडा. घरचा इन्व्हर्टर वीज पुरवतो, पण बॅटरी संपत आल्याचं नॅसला सांगत नाही, त्यामुळे नॅस लिहिता लिहिता बंद पडतो.

डिस्कवर डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर; डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची असल्याची खात्री करा. एसएमआर डिस्क सलग लिहायला लावली की मंदावते आणि रेड पुन्हा बांधताना तिचा फार त्रास होतो.

महिन्यातून एकदा पाच फाइली निवडा: एक फोटो, एक व्हिडिओ, एक एक्सेल, एक जुनी आणि एक मराठी नावाची. त्या नॅसवरून वेगळ्या फोल्डरात परत आणून उघडा. रेस्टिकला तपासणीच्या वेळी साठ्याचा ५ टक्के भाग वाचायला लावता येतो, तेही तेव्हाच करा, आणि नॅसचं स्क्रब (डिस्कवरचा सगळा डेटा वाचून तपासणं) हेही महिन्याला लावा. मेलची सूचना नुसत्या चुकीची लावून भागत नाही, कारण कामच सुरू झालं नाही तर चूकही नोंदली जात नाही. तीन दिवसांत एकही यशस्वी बॅकअप झाला नाही तर मेल यावी अशी सूचना लावा.