लॉसलेस स्केलिंग वापरून खेळ अधिक सुरळीत कसा चालवावा

एल्डन रिंग हा खेळ संगणकावर सेकंदाला ६० फ्रेमच्या (एकामागून एक दिसणाऱ्या चित्रांच्या) पुढे जात नाही. ग्राफिक्स कार्ड कितीही दमदार असले, तरी ही मर्यादा खेळातच घातलेली असल्यामुळे १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेतलेल्या माणसाला हे खटकते. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एन्व्हिडियाने २०२२ साली आणलेल्या फ्रेम जनरेशनसाठी (दोन फ्रेमच्या मध्ये नवी फ्रेम घालण्याच्या सोयीसाठी) आरटीएक्स ४० किंवा त्यापुढच्या मालिकेचे कार्ड लागते, शिवाय खेळातही ती सोय असावी लागते. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळणारे लॉसलेस स्केलिंग हे सॉफ्टवेअर मात्र खेळाच्या आत न शिरता पडद्यावर उमटणारे चित्र टिपते, लागोपाठच्या दोन फ्रेममधील हालचाल ताडते आणि मधली फ्रेम स्वतः तयार करते; त्यामुळे ते जुन्या कार्डांवरही चालते.

प्रथम खेळाच्या सेटिंगमध्ये फुलस्क्रीनऐवजी बॉर्डरलेस विंडो (कडा नसलेली, पूर्ण पडदा व्यापणारी खिडकी) निवडावी. त्यानंतर लॉसलेस स्केलिंगमध्ये फ्रेम जनरेशनसाठी एलएसएफजी (या सॉफ्टवेअरची स्वतःची फ्रेम बनवण्याची पद्धत) आणि गुणक म्हणून दोन, म्हणजे दुप्पट फ्रेम, निवडावा, स्केलिंग (चित्र मोठे करण्याची सोय) बंद ठेवावे, मग खेळाच्या खिडकीत येऊन कंट्रोल, ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबाव्यात. खेळाचा स्वतःचा काउंटर यानंतरही ६०च दाखवतो, म्हणून सॉफ्टवेअरमधील फ्रेम दाखवण्याचा पर्याय सुरू करावा. तेथे मूळ आणि वाढीव असे दोन्ही आकडे दिसतात.

बहुतेकांची गल्लत होते ती फ्रेमवर मर्यादा घालण्याच्या बाबतीत. नव्या फ्रेम तयार करण्याचे कामही ग्राफिक्स कार्डच करत असते, त्यामुळे खेळानेच ते शंभर टक्के वापरले असेल तर मूळ फ्रेम ६०वरून घसरतात, त्यांच्यातील अंतर कमीजास्त होते आणि दुप्पट आकडा दिसूनही खेळ अडखळत राहतो. ज्या खेळांना अशी अंगभूत मर्यादा नाही, तेथे रिवाट्यूनर या फ्रेमवर मर्यादा घालणाऱ्या सॉफ्टवेअरने मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या निम्मी मर्यादा घालावी, म्हणजे १४४ हर्ट्झसाठी ७२. आणि तेवढ्या फ्रेम कायम टिकत नसतील, तर आधी सावल्यांसारखी जड सेटिंग कमी करावीत. तरीही ताण जाणवला, तर लॉसलेस स्केलिंगमधील फ्लो स्केल (हालचाल ताडताना चित्र किती बारकाईने पाहायचे ते ठरवणारा आकडा) उतरवावे. १०८०पी रिझोल्यूशनला ते १०० ठेवता येते, १४४०पीला ७५च्या आसपास पुरते.

मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची फ्रेम हाती यावी लागते, म्हणून चित्र किंचित उशिरा दिसते. ६० फ्रेमच्या गतीला एका फ्रेमचा अवधी सुमारे १६.७ मिलिसेकंद असतो, ३०ला तो ३३ होतो. त्यामुळे ३०चे ६० करून पाहणाऱ्याला माउस जड वाटतो, आणि माझ्या मते त्या वाटेला जाऊच नये. वेगाने वळताना पात्राच्या कडा किंवा पडद्यावरील अक्षरे विरघळल्यासारखी दिसतात, कारण सॉफ्टवेअरला ती अक्षरे वेगळी ओळखता येत नाहीत. ऑनलाइन नेमबाजीचा खेळ सुरू करताना त्याच तीन कळा पुन्हा दाबून लॉसलेस स्केलिंग बंद करावे.